धक्क्यावरच्या हॉटेलची कनात

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली, मग हातात पेन आलं ते दुकानातल्या सामानाची यादी लिहिण्यापुरतं. ही वही नातीची, अर्धी कोरी उरलेली. कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण चुकून कोणाच्या हाती लागलीच तर ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका.

मी बहरीनला गेले तेव्हा कुवेतची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचे हे तिथे एका कंपनीत डिझेल इंजिनांचे मेकॅनिक होते. जिदहफ्सला एका जुन्या घराच्या माडीवर आमची एक खोली होती. खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीकडे उघडायची. शनिवार ते गुरुवार मी त्या खोलीत असायची. खाली दुकानात जायलासुद्धा मला धीर व्हायचा नाही. भाषा येत नव्हती हे एक कारण. पण खरं सांगायचं तर मी रत्नागिरीकडच्या माझ्या गावातही कोणाशी बोलायची नाही. कोणी काही विचारलं की मान हलवायची, एवढंच मला जमायचं.

शुक्रवार मात्र माझा होता. नमाज आणि जेवण झालं की हे कंपनीची पिकअप घेऊन बुदैयाला जायचे. तिथे मासेमारीच्या बोटींचा लहानसा धक्का होता. यांना तिथे बोटींच्या इंजिनांची खासगी कामं मिळायची आणि मला बरोबर न्यायचे. धक्क्याच्या तोंडाशी एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची खोली, पुढे चार बाकडी आणि वर कापडी छत. ओहोटीला बोटी चिखलात कलंडून बसायच्या आणि वास अगदी आमच्या खाडीचा यायचा. बाकड्यांवर पुरुष बसायचे. मी पिकअपमध्ये बसून समुद्र बघायची. हे मला एक चहा आणून द्यायचे आणि कामाला जायचे. तेवढ्या तासाभरावर माझा आठवडा निघायचा.

तो तास जाईल याची मला भीती असायची, आणि तिला कारण होतं. आमचे हे मनाने वाईट नव्हते, पण माझी फजिती झाली की तिची गोष्ट करून सांगायचे. विमानतळावर साहेबाने नाव विचारलं आणि मी गप्प राहिले, ही गोष्ट यांच्या कंपनीतल्या सगळ्यांना पाठ झाली होती. एकदा जिदहफ्सच्या बाजारात भाजीवाल्याने पैसे कमी परत दिले. मला मागता येईनात म्हणून मी तिथेच रडले. घरी येऊन हे म्हणाले, "तुला भायर न्यावचाच नाय गो." त्यानंतर तीन शुक्रवार खरंच नेलं नाही. ते तीन शुक्रवार त्या भिंतीसमोर कसे गेले ते मलाच माहीत.

असंच एका शुक्रवारी हे पाना-पेटी घेऊन धक्क्याच्या टोकाला गेले. वारा सुटला होता आणि यांच्या बाजूच्या काचेतून रेती आत यायला लागली. ती काच वर करायला मी आडवी झाले आणि माझं कोपर हॉर्नवर पडलं. चांगला मोठा वाजला.

मला माहीत नव्हतं की तिथे बायकामाणसं गाडीतच बसतात आणि काही हवं असेल तर हॉर्न वाजवतात. हॉटेलचा मालक पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता, एका पायाने लंगडायचा. तो लंगडत पिकअपपाशी आला आणि अरबीत काहीतरी विचारलं. मला वाटलं हॉर्न वाजवला म्हणून रागावतोय. मी मान हलवली. त्याने आणखी काही विचारलं. मी पुन्हा मान हलवली. चार वेळा विचारलं, चार वेळा हलवली. तो गेला आणि मी सुटले म्हणून श्वास सोडला.

थोड्या वेळाने तो भलं मोठं ताट घेऊन आला. तळलेले दोन मासे, मोठी गरम रोटी, वाटीभर उकडलेले हरभरे, लिंबू आणि चहा. काच खाली करायला लावून ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि गेला. परत ने म्हणावं तर तोंड उघडेना. मासे डोळ्यांसमोर होते. खोटं कशाला लिहू, पाच मिनिटं मी अल्लाचं नाव घेतलं आणि मग सगळं खाल्लं. काटेसुद्धा चोखले. लग्नानंतर कोणी मला वाढून दिलं, मी बसून खाल्लं, असं पहिल्यांदाच झालं होतं.

तो ताट न्यायला आला तेव्हा मला पैशांची आठवण झाली. माझ्याकडे एक फिल्ससुद्धा नव्हता. तिथे हजार फिल्सचा एक दिनार. पैसे यांच्या खिशात असायचे. मी हिंदीत कसंबसं सांगितलं की पैसे नाहीत. आणि तो म्हातारा चक्क हिंदीत बोलायला लागला. तरुणपणी गलबतावर खलाशी होता, मुंबईला खूप वेळा आलेला. म्हणाला, नऊशे फिल्स झाले, तुझा माणूस आला की घेतो.

मी हात जोडले. "चाचा, उनको मत बोलो. मैं दूँगी. मैं खुद दूँगी."

"खलास," तो म्हणाला, म्हणजे झालं, ठरलं. "तू देगी."

पुढच्या शुक्रवारी माझ्याकडे पैसे नव्हते. त्याच्या पुढच्याही नव्हते. यांच्याकडे मागायचे तर कशाला ते सांगायला हवं होतं. यांच्या खिशातून न सांगता काढणं मला जमणारं नव्हतं. म्हातारा यांना चहा द्यायचा, यांच्याशी बोलायचा आणि माझ्या पिकअपकडे बघायचाही नाही. एकदा यांना त्याने हसत काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले, तेव्हा मला वाटलं माझ्या माशांचीच गोष्ट चालली आहे. ते बोटीच्या इंजिनावरून हसत होते, हे मागून कळलं.

तिसऱ्या शुक्रवारी मला एक गोष्ट दिसली. हॉटेलचं कापडी छत समुद्राच्या बाजूने वाऱ्याने फाटलं होतं. कोणीतरी सुतळीने ओबडधोबड टाके घातले होते आणि त्या टाक्यांपाशीच ते आणखी फाटत चाललं होतं. ते बघून मला राहवेना. माझे बाबा होड्यांची शिडं शिवायचे. शाळा सुटल्यापासून लग्न होईपर्यंत मी त्यांच्या हाताखाली हेच केलं. जाड कापड कसं दुमडायचं, दोऱ्याला मेण कसं लावायचं, टाका किती अंतरावर घ्यायचा म्हणजे वारा भरला तरी उसवत नाही, हे माझ्या हातांना माहीत होतं. एवढी एकच विद्या मला चांगली येते.

हे टोकाला गेले होते. मी हॉर्नकडे बघत बसले. मग हात लांब करून वाजवला. या वेळी मुद्दाम.

म्हातारा आला. मी त्याच्याकडे न बघता छताकडे बोट केलं आणि म्हटलं, "चाचा, वो गलत सिया है. मैं सीऊँगी. पैसा काट लेना."

त्या संध्याकाळी त्याने छत उतरवून त्याची गुंडाळी पिकअपमध्ये टाकली. वर नव्या कापडाचा एक तुकडा. यांना म्हणाला, तुझ्या बायकोला शिवता येतं ना, मला शिवून हवंय, मजुरी देईन. घरी जिना चढताना यांनी विचारलं, "तू बोललीस त्याच्याशी? की तुजा चेहरा बघून कळला त्याला?" मी म्हटलं, बोलले. हे गुंडाळी खांद्यावर घेऊन वर गेले.

मला सहा दिवस लागले. जाड सुई यांनीच कंपनीतून आणून दिली. मेणबत्तीचं मेण दोऱ्याला लावलं. तळहाताला चामडं हवं होतं, ते नव्हतं, म्हणून यांच्या जुन्या चपलेचा तुकडा कापून बांधला. खोलीभर कापड पसरलेलं, बसायला जागा नव्हती. हे जेवायचे ते दारात बसून, पण एकदाही कुरकुरले नाहीत. त्या आठवड्यात मी खिडकीकडे पाहिलंच नाही.

शुक्रवारी म्हाताऱ्याने कापड बाकड्यावर पसरलं. टाक्यांवरून अंगठा फिरवला, उलटं करून बघितलं, पुन्हा अंगठा फिरवला. मग बाकड्यांवरच्या लोकांना काहीतरी ओरडून सांगितलं. ते सगळे उठून बघायला आले. मी पिकअपमध्ये पदर ओढून बसले होते.

तो माझ्याकडे आला. "बेटी, ये पाल की सिलाई है. चालीस साल बाद देखी." पाल म्हणजे आपलं शीड.

नव्या कापडाचा तुकडा मी शिवून काठ घालून दिला होता, पण तो छताला नको होता. म्हाताऱ्याने तो खोलीच्या बाजूला, पाण्याची बाजू उघडी ठेवून, दोन खांबांना बांधला. बाकड्यांकडून कनातीसारखा आडोसा झाला. मागे दोन खुर्च्या ठेवल्या. मला म्हणाला, "गाडी से उतर. ये बीबी लोगों की जगह है."

मी उतरले. समुद्र काचेशिवाय पहिल्यांदा बघितला. चिखलात बगळे होते आणि एक माणूस गुडघाभर पाण्यात आपली होडी ढकलत होता.

म्हाताऱ्याने यांच्यासमोर माझ्या हातावर एक-एक दिनारच्या दोन नोटा ठेवल्या. मला वाटलं, आता हे म्हणणार, ते पैसे माझ्याकडे दे. म्हणून मी आधीच बोलले. सगळं सांगितलं. हॉर्न, मान हलवणं, मासे, नऊशे फिल्स. एका दमात, खाली बघून.

हे हसले. खूप हसले, डोळे पुसले. मला कळलं की सोमवारपर्यंत कंपनीत ही गोष्ट झालेली असणार. मग डोळे पुसता पुसता विचारलं, "आणि मना एक मासा ठेवावचा नाय सुचला तुला?"

मी म्हटलं, "नाय." आणि मलाही हसू आलं.

पुढच्या शुक्रवारी हे मला आणणार की नाही, हे मी विचारलं नाही. हे आपली खुर्ची ओढून कनातीच्या आत बसले आणि चहा सांगितला, दोन.

चहा घेऊन म्हातारा आला तेव्हा मी एक दिनारची नोट पुढे केली. राहू दे म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला नाही. त्याने नोट घेतली, लंगडत आत गेला आणि परत येऊन शंभर फिल्सचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. नऊशे पुरे फिटले.