मिरचीची वार

"आधी हे सांगा साहेब, वार कुणाची?"

छबूबाईने माझ्या टेबलावर पत्र आपटलं. तिच्या मागे अकरा बाया उभ्या होत्या. माझ्या केबिनमध्ये खुर्च्या दोन, त्यातली एक मोडकी. खाली जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला होता, कारण तेवढ्या बायांना राजूरकडून नवीन जालन्यात आणताना त्याच्या जीपचा जीव गेल्ता.

वार म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाळ जन्मलं की त्याच्या मागून जी पडते ती वार. गाईम्हशीची असली की तिला जार म्हणतात. डॉक्टर लोक प्लासेंटा म्हणतात. आत्ताच जेवून वाचायला बसला असाल तर माफ करा, पण पुढे ती बऱ्याच वेळा येणार आहे.

मी साळवे. एका बियाणे कंपनीत क्वालिटी कंट्रोलला पंचवीस वर्षं काढली, मागच्या वर्षी रिटायर झालो. माझं काम म्हणजे बी निवडणं, बी उगवून बघणं आणि लोकांना नाही म्हणणं. तिसरं काम सगळ्यात जास्त.

छबूबाईच्या गावात बावीस बायांचा गट आमच्यासाठी मिरचीचं बी काढायचा. शेडनेटमध्ये मिरची लावायची, लाल झाली की तोडायची, चिरायची, बी खरडून धुवायचं, वाळवायचं. एका वेळी आलेला माल म्हणजे लॉट. प्रत्येक लॉटमधलं मूठभर सॅम्पल माझ्या टेबलावर यायचं. मी बी एका बाजूला करायचो, कचरा दुसऱ्या बाजूला. कचरा जास्त निघाला की लॉट रिजेक्ट. ह्या गटाचे लागोपाठ दोन लॉट मी रिजेक्ट केले होते. तिसराही गेला तर गावाचा प्रोग्राम बंद, म्हणजे कंपनीचं काम कायमचं दुसऱ्या गावाला.

तसं पत्र गेलं होतं. टेबलावर तेच पडलं होतं. मी उचललं आणि पहिल्यांदा वाचलं.

"आपल्या मालात मर्यादेपेक्षा जास्त वार आढळून आली आहे. यापुढे वार आढळल्यास प्रोग्राम कायमस्वरूपी बंद करण्यात येईल."

खाली सही. माझी.

झालं असं होतं. मी रिपोर्ट इंग्रजीत लिहिला होता. कचऱ्यात मिरचीच्या प्लासेंटाचे तुकडे जास्त आहेत, एवढंच. आमच्या ॲडमिनच्या बोर्डेंनी तो मोबाइलला घातला. मोबाइलने मराठी ओकलं, बोर्डेंनी ते लेटरहेडवर उतरवलं आणि मी चहा पिता पिता सही ठोकली. जगाला पाकिटावरचं लेबल वाचायला सांगणारा मी. स्वतः चार ओळी वाचल्या नाहीत. त्यातही "मर्यादेपेक्षा जास्त" म्हटलं होतं, म्हणजे थोडीफार वार आम्हाला चालते असा अर्थ निघत होता.

"गावात कुणी वाचलं हे?" मी विचारलं.

"ग्रामसेवकानं. चावडीवर. मोठ्यानं," छबूबाई म्हणाली. "अन् तुम्हाला ठाव हाय का, मी दाई हाय गावची? दवाखान्यात न्यायला जीप यायच्या आधीच माझ्या सुनंची घरी सुटका झाली, पंधरा दिवस झाले. आता बाया म्हणून राह्यल्या की छबूनं त्याच घमेल्यात मिरची धुतली. दोघी कामाला यायच्या बंद झाल्या. एक म्हणती करणी केली. इतकी लेकरं ह्या हातावर आली साहेब, एका बाईची वार मी कुत्र्याला दिसू दिली न्हाई. अन् तुम्ही लिहून राह्यले ती मिरचीत घावली?"

तिने दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. मला खरंच लाज वाटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात शेठजी आत आले. कंपनी त्यांची. माणूस मनाने चांगला, फक्त घाई फार. जन्मापासून एकच शब्द बोलत असावेत, जल्दी.

"साळवे, ये क्या गडबड है? खाली बोर्डे सांगून राह्यला मालात वार निघाली! गोडाऊन धुवून घ्यावं लागंल? पूजा करावी लागंल का?"

"शेठ, ती वार न्हाई. प्लासेंटा आहे."

"मंग प्लासेंटा म्हणजे काय?"

"वार."

मोडक्या खुर्चीवर बसलेली म्हातारी "अगं बाई" म्हणाली.

शब्दाने सुटत नाही म्हटल्यावर मी लॅबमधून लाल मिरची आणली. ब्लेडने उभी चिरली आणि टेबलावर उघडी ठेवली. आत देठापासून खाली पांढरट गाभा असतो, बी त्यालाच चिकटलेलं असतं. "हे पाहा," मी म्हणालो, "ह्या पांढऱ्या गाभ्याला आमच्या पुस्तकात प्लासेंटा म्हणतात. ह्याचेच तुकडे तुमच्या बियात आले. ते ओले राहतात, त्यांना बुरशी धरते, बी खराब होतं. बाकी कुणाची काही सापडली नाही."

"मंग बाईच्या वारेचं नाव मिरचीला काहून दिलं?" छबूबाईचा प्रश्न बराबर होता.

मग मी लॅटिन काढलं. एमएस्सी बॉटनीला घोकलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं. लॅटिनमध्ये प्लासेंटा म्हणजे केक. चपटा, थरांचा, आत चीज आणि मध. रोमन लोक आवडीने खायचे. पुढे कुठल्या तरी डॉक्टरला बाळामागून पडलेली ती चपटी गोल वस्तू बघून केक आठवला. उपाशी असावा. त्याने तेच नाव ठेवलं. त्यानंतर झाडांचा अभ्यास करणारे आले. फळात बी जिथे चिकटतं ती जागा बघून त्यांना वार आठवली. असा तो शब्द बेकरीतून दवाखान्यात आणि दवाखान्यातून मिरचीत शिरला.

लॅटिनचं हे असंच असतं. बियाला लॅटिनमध्ये जे म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, दवाखान्यात तो शब्द फक्त पुरुषांच्या तपासणीत येतो. पण तो पाचच इंग्रजी अक्षरांचा सुटसुटीत शब्द आहे एवढंच कळल्यावर शेठजींनी आमच्या पाकिटावर त्याच्या पुढे 'गोल्ड' लावून छापायचं ठरवलं होतं. दोन दिवस विनवण्या करून मी ते थांबवलं होतं.

"म्हंजे हे गोड असतं?" शेठजींनी फक्त केक एवढंच ऐकलं होतं. मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी गाभ्याला बोट लावून जिभेला लावलं.

मिरचीचा सगळा तिखटपणा बियात असतो असं लोक समजतात. तो त्या गाभ्यात असतो. शेठजींना हे पुढची दहा मिनिटं समजत राहिलं. "पानी! जल्दी!" एवढंच त्यांना बोलता आलं. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि केबिनमधली हवा जरा मोकळी झाली.

छबूबाई हसली नाही. तिने चिरलेली मिरची हातात घेतली होती. अंगठ्याने एकेक बी हलवून बघत होती.

"म्हंजे बी हे लेकरू," ती म्हणाली. "अन् ह्याच्यातूनच त्याला खायाला मिळतं."

"बिलकुल बराबर."

"मंग चुकीचं काय लिहिलं मोबाइलनं? वारच हाय की ही." तिने मिरची माझ्यापुढे धरली. "साहेब, वार सुटायच्या आधी ओढली तर काय होतं?"

मला काय माहीत? माझी दोन मुलं झाली तेव्हा मी दवाखान्याबाहेर पेपर वाचत होतो.

"तुटती. तुकडा आत राहतो, बाई जिवानिशी जाती. म्हणून दाईनं हात बांधून बसायचं असतं. ती आपल्या आपण सुटती." तिने बायांकडे वळून बघितलं. "अन् आपण काय करून राह्यलो? सकाळी मिरची तोडली की दुपारी चिरायची. कच्ची वार खरडायची. तुकडे पडतील न्हाई तर काय?"

"त्याच दिवशी काहून चिरता?" मी विचारलं.

"तुमचा सुपरवायझर म्हणतो, शेठची गाडी येऊन राह्यली, जल्दी करा."

सगळ्यांनी शेठजींकडे बघितलं. त्यांच्या तोंडात बर्फ होता.

मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. लाल मिरची दोन-तीन दिवस सावलीत पसरून ठेवली की आतला गाभा सुकतो, आकसतो, बी सुटं होतं. हे माझ्या पुस्तकात होतं, ते मी बायांना आत्ता सांगितलं. पण दोन्ही रिपोर्टांत मी दोष काय ते लिहिलं आणि कारण विचारायला त्या गावात एकदाही गेलो नाही.

"तिसऱ्या लॉटला मिरची तीन दिवस ठेवू," छबूबाई म्हणाली.

"तीनच," मी म्हणालो. "जास्त ठेवली की सडेल."

"तीन दिन?" शेठजी बर्फाआडून ओरडले. "गाडी काय तीन दिवस उभी ठेवू?"

"शेठ," छबूबाई म्हणाली, "तुमच्या टायमाला तुमच्या मायला कुणी जल्दी केल्ती का?"

गाडी तीन दिवस पुढे ढकलली गेली.

बाई तेवढ्यावर थांबली नाही. पत्र चावडीवर वाचलं, तर खुलासाही चावडीवरच पाहिजे, आणि ज्याची सही त्यानेच वाचायचा. मी गेलो. अख्ख्या गावासमोर मिरची चिरली आणि चूक माझी आहे, छबूबाईची नाही, असं दोनदा मोठ्याने सांगितलं. दुसऱ्यांदा तिने सांगायला लावलं. मागून एका आजोबांनी विचारलं, "म्हंजे आजवर आम्ही ठेच्यात वार खाऊन राह्यलो का?" मी म्हणालो, हो आजोबा. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "चव चांगली असती पण." काम सोडलेल्या दोघी दुसऱ्या दिवशी परत आल्या.

तिसरा लॉट आला तेव्हा सॅम्पल मी कुणाला हात लावू दिलं नाही. भिंग घेऊन एकेक बी सरकवत होतो. दारात छबूबाई उभी, तिच्या सुनेच्या कडेवर बाळ. पंचवीस वर्षांत एखादा लॉट पास व्हावा म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले असतील तर तो हा. कचऱ्याच्या बाजूला देठाचे दोन कण आणि एक पाकळी पडली. गाभ्याचा तुकडा एकही नाही.

"पास," मी म्हणालो. ती दारातच खाली बसली आणि पदराने तोंड पुसलं.

शेठजी खूश झाले की केक मागवतात. बोर्डेंना पाठवलं. केकवर काय लिहायचं हे बोर्डेंनी बेकरीवाल्याला सांगितलं नाही, त्यामुळे बेकरीवाल्याने त्याला रोजच्या सवयीचं होतं ते लिहून दिलं.

केक टेबलावर आला. छबूबाईने वाकून बघितला.

"लॅटिनमधी हेच का ते?"

"हेच."

"अन् वर काय लिहिलंय?"

"हॅप्पी बर्थडे," मी म्हणालो. "म्हणजे आज बाळ जन्मलं."

तिने सुनेच्या कडेवरच्या बाळाकडे बघितलं, पास झालेल्या बियाकडे बघितलं, मग त्या चपट्या गोल केककडे.

"मंग बराबर लिहिलंय," ती म्हणाली. "आधी लेकरू, मागून वार."

केक कुणीच खाल्ला नाही, शेठजी सोडून. ह्या सगळ्यातून मी एवढंच शिकलो की सही करायच्या आधी कागद वाचावा. केकसुद्धा.