मांडवामागची शीळ

कवीसानांसमोर एखादं गाणं कुणा गायिकेच्या नावावर खपवायची सोय नव्हती. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मी माईक हातात घेऊन म्हटलं, "आता म्हणते, बाईंचं गाजलेलं गाणं, 'अर्धी खिडकी'," आणि पहिल्या रांगेतून एक हात वर झाला. "बाईंनी म्हटलं. गाणं आमचं." ट्रॅक सुरू झालेला, आख्खा हॉल माझ्याकडे बघतोय आणि हे गृहस्थ हात वर धरून बसलेले! धृपदाला मी जी चुकले ती चुकलेच. कार्यक्रम संपल्यावर तणतणत त्यांच्यापाशी गेले, तर बटाटेवडा खाता खाता म्हणाले, "गळा गोड आहे तुझा. माहिती कच्ची आहे."

टोकियोच्या ह्या फुनाबोरी भागात येऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कवीसानांचं खरं नाव मोरेश्वर असल्याचं मला फार उशिरा कळलं. साठीकडे झुकलेले, एकटे, टोकियोतल्या एका कंपनीची जुनाट सिस्टीम सांभाळायच्या कंत्राटावर कैक वर्षं इथे होते. ऑफिसात सगळ्यांच्या नावाला सान लागतं, तसं कुणीतरी त्यांना कवीसान म्हटलं आणि ते चिकटलं. त्यांना मात्र ते मुळीच आवडायचं नाही. "कवी कसला? कवीला कुणी उद्या सकाळी स्टुडिओ आहे, रात्रीत अंतरा दे, असं म्हणत नाही. मी गीतकार आहे." मग बोलवायचं काय, तर मी आपली काका म्हणायची.

आणि 'आमचं' म्हणजे त्यांचं आणि बंड्याचं. बंड्या म्हणजे पुण्यातला त्यांचा कॉलेजपासूनचा दोस्त, संगीतकार. कॅसेटच्या जमान्यात, विशी ओलांडलेल्या ह्या दोघांनी मिळून मोजकीच गाणी केली; पण ती अशी वाजली की त्या काळात तरुण असलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ती आजही पाठ असतील. 'अर्धी खिडकी'ने ती गाणाऱ्या बाईंचा संसार उभा राहिला. 'पत्ता विचारू नको' म्हणणारे साहेब पुढे नाटकात गेले, तिकडून सिनेमात गेले, अजून मुलाखतीत तेच गाणं गुणगुणतात. आणि तिसरं, 'मांडवामागं कुणी गं शीळ घातली'. ते तर हळदीला वाजलं नाही तर लग्न लागलंसं वाटत नाही. ह्या सगळ्यांत दोघांची नावं कुठे होती? कुठेच नव्हती. कॅसेटवर बाईंचा साडीतला फोटो, आत गाण्यांची यादी, संपलं.

गायकांबद्दल काकांचं मत काय असणार ते तुम्ही ओळखलंच असेल. 'पत्ता'वाल्या साहेबांना ते सरळ 'सर्दी' म्हणायचे. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांचं नाक चोंदलेलं होतं, स्टुडिओ अर्ध्या दिवसाचाच घेतलेला, म्हणून तसंच उरकलं. "आणि आता गावोगावचे ऑर्केस्ट्रावाले ते नाकातूनच म्हणतात! बरे असलेले लोकसुद्धा!" बाईंवर त्यांचा राग वेगळा. 'अर्धी खिडकी'चा तिसरा अंतरा कॅसेटची बाजू भरली म्हणून कापला होता, आणि बाई हो म्हणाल्या होत्या. तो अंतरा काका भेटेल त्याला म्हणून दाखवत. भाजीच्या दुकानात, स्टेशनच्या जिन्यावर, एकदा तर आमच्या इमारतीखाली कचऱ्याची वर्गवारी करताना. माझ्या एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्यात काचेच्या बाटल्या, गाडी यायची वेळ झालेली आणि हे डोळे मिटून अंतरा म्हणतायत. बरं, अंतरा खरंच सुंदर होता, म्हणून तर जास्त चिडचीड व्हायची.

जपानात ते एवढे का रमले, हे मला कराओकेला गेल्यावर उमगलं. इथे कुठलंही गाणं लावा, पडद्यावर आधी गाण्याचं नाव येतं आणि त्याखाली शब्द कुणाचे, चाल कुणाची, ते येतं. आपण गायकाची नक्कल करायला माईक घेतलेला असतो, पण पहिला मान त्या दोघांना. काकांना रोजच्या कामापुरतीसुद्धा जपानी लिपी धड वाचता यायची नाही, दुकानात साखरेऐवजी मीठ घेऊन यायचे. पण 'गीत' आणि 'संगीत' ही अक्षरं ते लांबून ओळखत. ती दिसेनाशी होईपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. त्यांच्या ऑफिसातले सातोसान बिचारे, त्यांना वाटलं हा भारतीयांचा काही धार्मिक रिवाज असावा. ते पडद्याला हात जोडून उभे राहायचे. मी एकदा घाईघाईत सुरुवात गाळायचं बटण दाबलं, तर काका त्या संध्याकाळी माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. एवढ्याशा गोष्टीवरून!

रविवारी दुपारी बारा म्हणजे बंडूकाकांचा फोन. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेआठ. हे दोघं अजून गाणी करत होते, आणि ती कुणीही मागितलेली नव्हती. बंडूकाका पेटीवर नवी चाल वाजवायचे, शब्दांच्या जागी तोंडाला येईल ते म्हणत, बहुतेक वेळा भाज्या. "भेंडी गवार, भेंडी गवार, दोडका गं" असं अगदी आळवून. काकांनी त्यावर शब्द बसवायचे. एका शब्दावरून त्यांची भांडणं महिनाभर चालायची. "तुझ्या चालीत मावत नाही म्हणून मी अर्थ कापू?" "अर्थ कोण ऐकतंय मोऱ्या, पाय थिरकले पाहिजेत!" मी समोर बसून काकांची पोळीभाजी गार होताना बघायची. पण हल्ली बंडूकाका मध्येच दमायचे. किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पेटी शेजारच्या मुलाने धरायची आणि ह्यांनी नुसती बोटं फिरवायची.

अशात 'शीळ' परत आलं. एका नव्या पोराने ते धाडधाड ठेक्यावर केलं, मागे पन्नास नाचणारी माणसं, आणि बघता बघता ते सगळ्यांच्या फोनवर. सकाळी मेट्रोत उभी राहून मी ते बघितलं. खाली बारीक अक्षरांत गायकाचं नाव, नृत्याचं, वेशभूषेचं, मेकअपवालीचंसुद्धा. आणि गीत-संगीत? 'पारंपरिक'.

मला वाटलं काका आकाशपाताळ एक करतील. त्यांनी नुसता फोन हातात धरला, पुन्हा पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "माझं राहू दे, अनघा. एकदा बंड्याला त्याचं नाव तिथे दिसू दे. त्याच्याकडे फार दिवस नाहीत." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी. म्हटलं, एवढंच ना? मी आहे की!

आणि उन्हाळाभर मी ते नवं 'शीळ' काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीच्या मागे लागले. त्यांनीच जुन्या कॅसेटवाल्याचा सगळा माल हक्कांसकट विकत घेतला होता. मेल पाठवले, त्याला आपोआप येणारी उत्तरं आली. ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर पायरीवर बसून फोन केले. एक मुलगा उचलायचा, फार गोड बोलायचा आणि काही करायचा नाही. "मॅडम, आमच्याकडे पारंपरिकच आहे. तुम्ही म्हणता तसं म्हणणारे आधी तिघं येऊन गेलेत. एक जण तर म्हणतात त्यांच्या मावशीचं आहे." मावशीचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि इकडे काका मला धड मदत करीनात. रेकॉर्डिंग कुठे झालं, कॅसेटवाल्याशी काय बोलणं झालं, कोण साक्षीला आहे, काही विचारलं की ह्यांना चहा आठवायचा. मी म्हणायची, "अहो, गरज कुणाला आहे? मला की तुम्हाला?" तर म्हणे, "आलं घालू का चहात?" डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

शेवटी एका रविवारी मीच त्यांच्या हातातला फोन ओढला. म्हटलं, "बंडूकाका, तुम्ही तरी सांगा. कॅसेटवाल्याने त्याच्या दप्तरात पारंपरिक लिहिलं कसं?"

बंडूकाका उशीला टेकून बसले होते. ते हसायला लागले, हसता हसता खोकला आला. "अगं पोरी, त्याने कुठलं लिहिलंय? आम्हीच सांगितलं ना त्याला!"

मी काकांकडे बघितलं. काका खिडकीबाहेर.

"तो म्हणाला, नव्या पोरांची गाणी कोण घेणार? हळदीला लोकांना जुनं लागतं," बंडूकाका सांगत होते. "तर हा मोऱ्या लगेच म्हणाला, जुनंच आहे, ह्याच्या आजीच्या तोंडचं. मी मान डोलावली. आमच्या आजीला दोन सूर धड लागत नव्हते गं! आरतीलासुद्धा तिला गप्प बसवायचे. पण गाणं गेलं ना कॅसेटमध्ये! आम्हाला वाटलं, एकदा वाजू दे, मग सांगू."

"मग सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. दोन वर्षांनी सांगितलं. तो म्हणाला, चालतंय ते कशाला बिघडवायचं? आणि मग तो बिचारा वारला."

मी कपाळावर हात मारला. फोन ठेवल्यावर काकांना म्हटलं, "मग इतके दिवस मी भांडत कुणाशी होते?"

"माझ्याशी," काका म्हणाले. "बावीस वर्षांचा होतो गं. फार हुशार समजायचो स्वतःला. बंड्या तर सांगणार होता आमचं आहे म्हणून, मीच त्याच्या पायावर पाय दिला."

आता ह्या माणसाला काय बोलणार? सगळ्या टोकियोला गाणं कुणाचं ते शिकवत हिंडायचं, आणि मूळ खोटं ह्यांनीच सांगितलेलं! मला इतका राग आला की त्यांच्याकडचा चहा तसाच टाकून मी निघून आले. खाली सायकलपाशी पोचले आणि मला रडू फुटलं. एका तरण्या पोराने गाणं खपावं म्हणून केलेली थाप. त्याची एवढी शिक्षा असते का हो?

तरी मी खटपट सोडली नाही. दोघांकडून खरं काय ते लिहून घेतलं, कंपनीला पाठवलं. गोड मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे तेव्हा खोटं सांगितलं आणि आता खरं सांगताय, असं का? का तेव्हा खरं आणि आता..." मी फोन आपटला. वर महिन्याभराने त्याचाच फोन: फार तर 'शब्द' म्हणून मोरेश्वर ह्यांचं नाव घालता येईल, कारण कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांच्या नावाने धृपद छापलेलं सापडलंय. चालीला मात्र काही आधार नाही, ती पारंपरिकच राहील. मी धावत काकांकडे गेले. हातातोंडाशी आलेला घास, म्हटलं, घ्या पदरात, एक नाव लागलं की दुसऱ्यासाठी भांडता येईल. काका म्हणाले, "नको."

"काका!"

"माझं एकट्याचं लागलं तर बंड्याला काय वाटेल? जाऊ दे. राहू दे पारंपरिक." मी समजावलं, ओरडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. डिसेंबरात त्यांनी कंत्राट संपवलं आणि पुण्याला निघाले. बंड्याला डायलिसिसला न्यायला कुणीतरी हवं, म्हणाले. भात शिजवायचा कुकर मला देऊन टाकला. स्टेशनच्या फाटकापाशी मी म्हटलं, "तिकडे जाऊन तरी भांडा." ते म्हणाले, "तू भांडतेस ना छान," आणि कार्ड टेकवून आत गेले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. रविवार नव्हता. मी ऑफिसला निघाले होते, फुनाबोरीच्या फलाटावर गाडीची घोषणा चालू होती, आणि मला एका कानावर हात ठेवून ऐकावं लागलं.

"गेला गं बंड्या. काल सकाळी. घरीच गेला, झोपेत."

 काका बोलत राहिले. माणसं जमली होती म्हणाले, तिरडी बांधायचं चाललं होतं, आणि त्याच वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी हळद होती. त्यांना बिचाऱ्यांना वर काय झालंय ते ठाऊक नव्हतं. स्पीकर सुरू झाले आणि पहिलंच गाणं 'शीळ'. त्या नव्या पोराचं, धाडधाड ठेक्याचं. सोसायटीचे सेक्रेटरी ओशाळून धावत वर आले. म्हणाले, माफ करा, आत्ता बंद करायला लावतो.

"मी म्हटलं, राहू द्या, त्याचंच गाणं आहे," काका म्हणाले. "तर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात कसे, काका, धक्का बसलाय तुम्हाला, जरा बसा. ते पारंपरिक आहे."

माझी गाडी आली, दारं उघडली, लोक मला वळसा घालून आत शिरले. मी तिथेच उभी. "मग तुम्ही सांगितलंत ना त्यांना?" मी जवळजवळ किंचाळले. "काका, निदान तेव्हा तरी सांगितलंत ना?"

"नाही गं," काका म्हणाले. "म्हटलं, असेल. आवाज जरा वाढवायला सांगा."