तारा नावाची बाई

चौकोन्याचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. दिवसभर कॉम्प्युटरवर चौकोन आखायचे आणि त्यात लोकांनी नाव-गाव-पत्ता भरायचा, असला त्याचा धंदा. मग दुसरं काय म्हणणार? चाळिशीला टेकला, डोक्यावरचं छप्पर विरळ झालं, पण दिमाख असा, की जणू ताजमहाल बांधतोय. फॉर्म कसा मोकळा दिसला पाहिजे, त्यात शब्दांची गर्दी नको, हे तो जेवतानाही ऐकवायचा. ‘भरणं आवश्यक’ असं प्रत्येक रकान्यापुढे लिहिणं त्याला गबाळं वाटे. त्याऐवजी तो एक इवलीशी लाल चांदणी लावी. काम फत्ते.

त्याला वाढवलं मामाने. मामा जन्मभर थिएटरच्या तिकीट खिडकीवर बसलेला. कडक इतका, की मालकाचा जावई मधे घुसला तरी त्याला म्हणायचा, पाहुणे, रांगेचं शेपूट तिकडे आहे. मामी गेल्यावर तो भाच्याकडे राहायला आला, आणि मग त्याचे डोळे रुसले. डावा तर गेलाच. उजव्यात जेमतेम उजेड उरलेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तो वाचवायचा तर ऑपरेशन लवकर हवं, या महिन्यात नाव नोंदवा. नोंदणी फक्त वेबसाइटवर. आणि तिथला फॉर्म कुणी केलेला? आपल्याच चौकोन्याने. हॉस्पिटलचं काम मिळालं म्हणून त्याने पेढे वाटले होते.

तो म्हणाला, मामा, आणा फोन, मी भरतो. मामाला ते झोंबलं. हात शाबूत आहेत म्हणाला, आणि फोनमधली बाई मला सगळं वाचून दाखवते. खरंच दाखवायची. बोट फिरवलं की पडद्यावर असेल ते बोलायची, रेल्वेतल्या घोषणेसारखी. भाच्यालाही बरं वाटलं. आपला फॉर्म म्हातारासुद्धा एकट्याने भरतो, हे चारचौघांत सांगायला झालं की!

अधूनमधून तो विचारी, मामा, झालं का? मामा म्हणे, नंबर यायचाय. भाचा समजला, नोंदणी झाली, ऑपरेशनचा नंबर यायचाय. तो निश्चिंत. कानामागे ठेवलेली पेन्सिल घरभर शोधणाऱ्यातला तो, त्याला कसली शंका येते!

महिना उलटला. एका सकाळी मामा बंद दारावर आपटला. दार उघडं वाटलं म्हणाला. भाच्याने त्याला तसंच रिक्षात घातलं. हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या मुलीने यादी वरून खाली पाहिली, मामाचं नाव नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि बॅटरी खिशात ठेवली. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, म्हणाल्या. सावकाश म्हणाल्या, चांगल्या बाई आहेत, पण शब्द तर तेच ना.

बाहेर बाकावर भाचा पेटला. वेड पांघरून पेडगावला गेलात का, एवढे दिवस काय करत होतात, असं बरंच बोलला. मामाने सगळं ऐकून घेतलं.

“भरणार कसा? उघडलं की दुसऱ्याच कुणाचा तरी फॉर्म यायचा. नाव तारा. वय तारा. पत्ता तारा. बिचारीचं भरून व्हायचं असेल, आपण हात लावला तर पुसलं जायचं. मी बंद करायचो. म्हटलं, तिचं झालं की आपला येईल.”

 चौकोन्याने तो फॉर्म शंभरदा पाहिला होता. ऐकला एकदाही नव्हता.

मामा विचारत होता, की त्या ताराबाईचं तरी ऑपरेशन झालं का, जरा आत जाऊन चौकशी कर.

“तारा कुणी नाही, मामा,” भाचा म्हणाला. “ती चांदणीची खूण आहे. हा रकाना भरायलाच हवा, एवढाच तिचा अर्थ. फोनमधली बाई ती तशी वाचते. आणि फॉर्म मीच केलाय.”

मामा भिंतीकडे तोंड करून बसला होता; समोर भिंत आहे, हे त्याला कुठे ठाऊक! त्याने विचारलं,

“म्हणजे रांगेत माझ्यापुढे कुणीच नव्हतं?”

“नाही.”

“बरं,” मामा म्हणाला, आणि उठण्यासाठी हात पुढे केला. भाचा होता दुसऱ्या बाजूला.