फाटकाचं कुलूप

आमच्या वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांची बैठक होती. एक आजोबा फिरायला गेले असताना रस्त्यात पडले होते, म्हणून फाटकाला दिवसभर कुलूप लावायचं, असा ठराव मांडला होता. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. नव्यानेच मंडळावर आलेल्या नलिनीताईंनी मात्र हात वर केला नाही.

"तुमचा विरोध आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"विरोध नाही हो. पण त्यांना कुणी विचारलंय का?"

मग आम्ही उठून व्हरांड्यात गेलो. हाताला प्लास्टर घातलेले ते आजोबा तिथेच बसले होते. ताईंनी विचारल्यावर म्हणाले, "चालत होतो म्हणून पडलो, ताई. नुसता बसून राहिलो, तर उठायचंच विसरेन."

ठराव मागे घेतला. आता रोज संध्याकाळी आमच्यापैकी कुणीतरी त्यांच्यासोबत जातं. काळजी करता करता आपण माणसाचं जगणंच आपल्या ताब्यात घेतो, आणि ते लक्षातही येत नाही.

काल माझी पाळी होती. चढावर मला धाप लागली. आजोबा थांबले, मागे वळून म्हणाले, "सावकाश या. घाई कुणाला आहे?"