वर्षभराचा कोरा चहा

व्हेटर्नरीला माझा नंबर लागला, तेव्हा पेढे आणायच्या आधी आम्ही फीचा कागद तीनदा वाचला. प्रवेशाची फी, होस्टेल, मेस, आणि भरायला फक्त आठवडा. नाही भरली तर जागा दुसऱ्या कुणाची. वडील नव्हते. मांजरी गावातल्या आमच्या गोठ्यात चार म्हशी आणि आसपासच्या सोसायट्यांत आईचा दुधाचा रतीब, एवढ्यावर घर चालायचं. चुलते म्हणाले, दोन म्हशी काढून टाका. आई उसळली, "म्हशी इकून म्हशींची डाक्टर करू व्हय हिला?"

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दारोदार फिरली. वर्षाचे पैसे आत्ताच द्या, दूध रोज येईल, असं सांगत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, म्हैस वर्षभर टिकेल याची लेखी हमी देताय का?"

"म्हैस ऱ्हाईल न ऱ्हाईल, मी हाय की."

काकांनी चेकबुक काढलं. माणूस खवचट, पण पहिले पैसे त्यांचेच.

दिवाळीला घरी आले तर आई कोरा चहा पीत होती. दुधाचा सोसत नाही म्हणाली. मी नवी शहाणी, तिला पित्तावर लांबलचक व्याख्यान दिलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

खरं कळलं ते उन्हाळ्यात, रतीब घालायला मी गेले तेव्हा. काकांनीच सांगितलं. एक म्हैस दिवाळीआधीच आटली होती. आई कमी पडेल तेवढं दूध शेजारच्या गोठ्यातून विकत घेऊन घालत होती. "मी म्हटलं, अर्धा लिटर कमी द्या. तर तुमच्या मातोश्री म्हणाल्या, पैसे पुरते घेतलेत." दुधात पाणी घालणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून तिनं घरच्या चहातलं दूध बंद केलं होतं. मला जिन्यातच रडू फुटलं. आणि मी तिला पित्त समजावत होते!

वर्षाचा शेवटचा रतीब घालून आई परतली, त्या सकाळी मी घरीच होते. तिनं पातेल्यात दूध ओतलं, चहा चांगला उकळला, दोन कप भरले. सावकाश, घोट घोट घेत तिनं तो संपवला. मग कप विसळून पालथा घातला आणि पदर खोचला.

"चल, काकांकडं जाऊ. दुसऱ्या वर्षाची फी आली असंल न्हवं?"