अनुसयाबाईंनी घासलेल्या पाटल्या

दवनीवाड्यात सोन्यातलं कळणारी बाई एकच, असं अनुसयाबाईंचं मत होतं. आणि ती कोण, हे कुणी विचारायच्या आत त्या सांगून टाकत. त्यांच्या स्वतःच्या अंगावर सोनं म्हणजे नाकातली फुली, तीही मुगाच्या डाळीएवढी. पण सोनाराने गावात काही आणलं की ते आधी अनुसयाबाईंच्या ओट्यावर यायचं.

हा मान त्यांना मिळाला तो गोंदियाच्या बाजारात. एका फेरीवाल्याची अंगठी त्यांनी "पितळ हाय!" म्हणून त्याच्याच अंगावर फेकली, आणि ती खरंच पितळेची निघाली. "मले काय समजत होतं?" म्हातारपणी ही हकीकत रंगवताना त्या म्हणत, "त्या मानसाचं तोंडच पटलं नोहोतं मले." पण तेव्हा हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उलट सोन्याची एक परीक्षा तयार केली: दागिना उन्हात धरायचा, डोळे दिपले तर खरा, नाही तर खोटा. इतकी सोपी परीक्षा सोनारांना अजून कशी सुचली नाही, याचं त्यांना नवल वाटे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. शेजारच्या बायजाबाईंच्या शामकलाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. आमगावच्या होणाऱ्या सासूने, धुरपताबाईंनी, सुनेसाठी केवलराम सोनाराकडे बसून पसंतीने पाटल्या घडवून घेतल्या होत्या. केवलराम त्या मापाला म्हणून बायजाबाईंकडे ठेवून गेला आणि बायजाबाई पदराखाली झाकून अनुसयाबाईंकडे घेऊन आल्या.

"एकदा नजरेखालून घाला जी."

अनुसयाबाईंनी पाटल्या उन्हात धरल्या. डोळे काही दिपले नाहीत. वर उठवलेल्या फुलांच्या पाकळ्या तेवढ्या लखलखत होत्या. फुलांमधली जागा खरखरीत, मंद, आणि खाचांतून तर तांबूस काळपट काहीतरी बसलेलं.

"मळ हाय वं हा," त्या म्हणाल्या. "सोनाराच्या हाताचा. ठेवून जाय, मी पाहातो."

मग त्यांनी चिंच भिजवली. धानाच्या तुसाची राख चाळून घेतली. नारळाची शेंडी घेऊन विहिरीवर बसल्या आणि पाटल्या अशा घासल्या की पितळेचा हंडासुद्धा दया मागेल. तांबूस पाणी ओघळायला लागलं तसा त्यांना जोर चढला. नवरा, शालीकराम, बैलांना पाणी पाजायला आला होता. तो थांबून बघत राहिला.

"कायले घासून राहिली?"

"तुमाले नाई समजत त्यातलं."

"मले नाई समजत म्हनूनच त मी हात नाई लावत," असं म्हणून तो बैल घेऊन गेला.

पाटल्या इकडून तिकडून सारख्या पिवळ्याधमक झाल्या. बायजाबाई खूष, अनुसयाबाई त्याहून खूष.

तिसऱ्या दिवशी धुरपताबाई बांगड्या-लुगड्यांचं बघायला आल्या. सुनेच्या हातात पाटल्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ह्या आमच्या नाई."

"काऊन जी?" बायजाबाईंनी विचारलं.

"मी स्वतः निवडल्या व्हत्या. लाल रंगाच्या, फूल उठून दिसन अशा. ह्या त बाजारातल्या वाटून राहिल्या! सोनारानं बदलल्या. माह्या पाटल्या येत नाई तवरी लग्नाची तारीख नाई."

शामकला आत जाऊन बसली. केवलरामला बोलावणं गेलं. त्याने पाटल्या तोलून दाखवल्या. वजन गुंजभर कमी, बाकी बरोबर. "वजन कोनीबी जुळवते," धुरपताबाई म्हणाल्या. केवलरामने मग सुईने पाकळीच्या खाचेतून काहीतरी काढलं, बोटावर चोळलं. राखाडी होतं. त्याने मान वर केली, पण कुणाकडे बोट केलं नाही. त्याच्या चार पिढ्यांचं दुकान होतं. पाटल्या बदलल्याचा आळ राहिला असता, तर त्या दिवसानंतर दवनीवाड्यातली एक बाई त्याच्याकडे फिरकली नसती.

"अनुसयाबाई," बायजाबाई काकुळतीने म्हणाल्या, "तुमीच सांगा. तुमाले समजते."

सारं अंगण त्यांच्याकडे बघायला लागलं. 'सोनाराचा रंगच कच्चा असन,' हे वाक्य त्यांच्या ओठापर्यंत तयार होऊन आलं होतं. कुणाला खोटंही वाटलं नसतं. पण समोर केवलराम बोटावरची ती राख धोतराला पुसत होता, हळूहळू, कुणाला दिसू नये अशी.

"पाटल्या त्याच हायेत," अनुसयाबाई म्हणाल्या. "मीच घासल्या. मले वाटलं मळ हाय."

"कायनं घासल्या जी?" केवलरामने पहिल्यांदाच विचारलं.

"चिंच. राख." आणि मग, कारण आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं, "नारळाची शेंडी."

मग आधी धुरपताबाईच हसल्या. "शेंडी!" म्हणाल्या आणि पदर तोंडात धरून हसत बसल्या.

केवलरामने शेगडी मागवली. "सोनं एकच असते बाई, कामं निराळी. पाकळीले दगडानं घासून ओप देतो, म्हनून ते चमकते. खालची जागा बारीक टोकानं ठोकून रवाळ करतो, म्हनून ते चमकत नाई. वरून गेरू, मीठ, तुरटीचा लेप देऊन शेकतो, तवा लाली येते. समदंच चमकलं त पाहाचं कुटं?"

"मंग मी दोन रुपयाचं काम दोन घंट्यात खाल्लं म्हना," अनुसयाबाई म्हणाल्या.

"रवा पुन्हा उठवाले दोन दिवस लागन. लाली आताच दाखवतो. फुंका."

पाटल्यांना लेप देऊन फुंकणी त्याने त्यांच्याच हातात दिली. राखेने डोळे चुरचुरेपर्यंत त्या फुंकत बसल्या. लेप धुतल्यावर खाचांतून लालसर सोनं वर आलं, तशा धुरपताबाई पुढं सरकल्या, पाटली सुनेच्या हातात घालून बघितली आणि तारीख तीच राहिली.

अनुसयाबाईंचा धडा मात्र महिनाभरच टिकला. आखाडीच्या सणाला एक बाई गळ्यातली एकदाणी दाखवायला आली, तर त्या तिला ओप, रवा आणि लाली अशा काही समजावून सांगायला लागल्या की जणू केवलरामच त्यांच्या हाताखाली शिकला होता.

ओसरीवरून शालीकरामने हाक मारली, "चिंच भिजू घालू का?"

"गप्प बसा," त्या म्हणाल्या, आणि एकदाणी उन्हात न धरताच परत दिली. "केवलरामजीले दाखव वं. मले फुंकणीच तेवढी समजते, सोनं त्याले समजते."