चंपाषष्ठीपासून मोजलेलं बाळ

“मल्हारी, तुला डोळे नाहीत का रे?” दवाखान्याच्या व्हरांड्यात मी देवावर ओरडत होते. माझा आवाज असा, की चिकलठाण्याला उतरणारं विमान घाबरून परत वर गेलं असेल. पण बातमीच तशी होती. माझ्या सुनेला, मनीषाला, आठ आठवडे झालेले, आणि सोनोग्राफीत नुसती पिशवी दिसली. बाळाच्या काळजाचा ठोका नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू, पण मनाची तयारी ठेवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लग्नानंतर सहा वर्षांनी राहिलेले हे दिवस. मनीषा बाकावर ओढणीचं टोक पिळत बसली होती.

आठ आठवडे ही मोजणी माझी. आम्ही पिशोरकडचे मेंढपाळ. मेंढीच्या पोटावर हात ठेवून मी व्यायचा दिवसच काय, घटकासुद्धा सांगायचे, आणि मेंढी माझा शब्द मोडत नसे. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मनीषाला पाळीची तारीख विचारली, तेव्हा तिनं तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, चंपाषष्ठी. त्या दिवशी ती बाजूला बसली होती. देवघरात पाय नाही, चुलीला हात नाही. पन्नास माणसांचे रोडगे अन् वांग्याचं भरीत मी एकटीनं केलं. असला दिवस बाईमाणूस विसरतं का?

शेजारी लासूर स्टेशनची एक म्हातारी बसली होती, लेकीला दाखवायला आलेली, कपाळभर भंडारा ल्यालेली. तिनं माझं सगळं भांडण शांतपणे ऐकून घेतलं.

“देवाला लई सुनावलंस बाई,” ती म्हणाली. “आता तुझं काय खोटं असंल ते बी सांग त्याला.”

काय झालं कोण जाणे, तीस वर्षं दाबून ठेवलेलं मी भडाभडा बोलून टाकलं. नवी नवरी असताना ऐन चंपाषष्ठीला मीही बाजूला बसले होते, आणि ते साफ खोटं होतं. करायचे रोडगे दीडशे होते, म्हणून. आता सांगताना तीनशे होतात. देवा, माझी सजा या लेकराला देऊ नको, म्हणून मी हमसून रडले.

तशी मनीषा कानाशी लागली. “आत्या, मी पण.” मग खालमानेनं म्हणाली, “खरी पाळी अठरा दिवसांनी आली. तेव्हा सण नव्हता, मी बाजूला बसले नाय, कुणी विचारलंच नाय.”

रागवायला सवड कुठली? तिला धरून मी आत घुसले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजलं. जेमतेम साडेपाच आठवडे. एवढ्यात ठोका दिसतोच असं नाही, थांबा म्हणाल्या. ते दोन आठवडे मी एक दिवस मोजला नाही. भंडारा कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, तुझं तू बघ.

दुसऱ्या खेपेला पडद्यावर घेवड्याच्या दाण्याएवढा जीव होता, आणि त्याचा ठोका असा, जणू हजार मेंढरं उतारावरून सुटलीत. पुढं तिसऱ्या महिन्यात बोटं दिसली. पाचव्यात लाथ बसली, माझ्या हातातली परात उडाली म्हणा ना. सातव्यात ते माझ्या आवाजानं दचकू लागलं. नवव्यात डोकं खाली घेऊन तयार. एवढं सगळं मल्हारीनं अंधारात घडवलं, मला न विचारता. मला फक्त बाजूला व्हायचं होतं.

त्या म्हातारीला मी प्रत्येक खेपेला शोधलं. भेटली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही, मनातल्या मनात पाया पडते.

बाळ झालं तेव्हा पेढे घेऊन गेले आणि मल्हारीनं म्हातारी कशी धाडली ते डॉक्टरीणबाईंना सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी पेढा संपवला, हात पुसले.

“पुढच्या वेळी तारीख तिला सांगू द्या,” म्हणाल्या.